अडीचशे किलोमीटर आणि एका वसतिगृहाचा हिशेब

दसरा झाला की माण तालुक्यातील अनेक गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असल्यामुळे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि गाळप हंगाम संपेपर्यंत, म्हणजे साधारणपणे मार्च-एप्रिलपर्यंत, कऱ्हाड, सांगली किंवा कोल्हापूरकडच्या फडांवर राहतात. मुलांना बरोबर नेले तर त्यांची शाळा बुडते आणि मागे ठेवले तर त्यांच्याजवळ रात्री कोण राहणार, हा प्रश्न उरतो. त्यासाठीच हंगामी वसतिगृहे असतात. म्हसवडच्या बाजूच्या एका गावात ग्रामस्थांनी न्यास नोंदवून असे एक वसतिगृह चालवले आहे. मी साताऱ्यात करसल्लागार आहे आणि त्या न्यासाचे हिशेब पाहते. हंगाम सरत आला की त्यांच्या खात्यातील शिल्लक संपत येते, मग किराणा दुकानदाराची उधारी वाढते आणि एप्रिलमध्ये कोणीतरी पदाधिकारी ती स्वतःच्या खिशातून भागवतो, हे मी ताळेबंदात वर्षानुवर्षे पाहत आले आहे. ‘मॅरेथॉन दे साब्ल’ ही सहारा वाळवंटातील शर्यत धावताना निधी या वसतिगृहासाठी गोळा करायचा, हे ठरवायला म्हणूनच मला फारसा वेळ लागला नाही.

शर्यतीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. पॅट्रिक बाऊर नावाच्या एका फ्रेंच तरुणाने १९८४ मध्ये अल्जीरियाच्या वाळवंटातून सुमारे ३५० किलोमीटरचे अंतर एकट्याने, पाणी आणि अन्न पाठीवर घेऊन पार केले. त्या अनुभवातून त्याने १९८६ मध्ये मोरोक्कोच्या दक्षिण भागात ही शर्यत सुरू केली, तेव्हा तिच्यात केवळ २३ धावपटू होते. आता जगभरातून शेकडो लोक येतात. एकूण अंतर सुमारे २५० किलोमीटर असून ते अनेक टप्प्यांत विभागलेले असते आणि त्यातील एक टप्पा ८० किलोमीटरहून मोठा असतो. पाणी, रात्रीचा तंबू आणि वैद्यकीय मदत एवढेच आयोजक पुरवतात. सगळे दिवस पुरेल इतके अन्न, अंथरूण-पांघरूण आणि सक्तीचे साहित्य प्रत्येकाने स्वतःच्या पाठीवर वाहायचे असते.

फलटणजवळ राहणाऱ्या माझ्या आत्यांना हे सारे समजावून सांगितल्यावर त्यांनी शांतपणे विचारले, “म्हणजे आळंदी ते पंढरपूर एवढंच की गं?” त्यांचे म्हणणे हिशेबाने अगदी बरोबर होते. माउलींच्या पालखीचा मार्गही सुमारे अडीचशे किलोमीटरचाच आहे, आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा त्याचा आमच्या जिल्ह्यातील भाग आत्या डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन अनेकदा चालल्या आहेत. वारीत गावोगावी पंगती असतात आणि वाळवंटात कोणी जेवायलासुद्धा घालणार नाही, असे मी म्हणाले. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न आला, “मग एवढे पैसे भरून जायचं कशाला?”

हा प्रश्न त्यानंतर साताऱ्यात मला अनेकांनी विचारला, आणि तो टाळण्यासारखा नाही. प्रवेशशुल्क, विमानप्रवास आणि साहित्य धरून या शर्यतीचा खर्च काही लाख रुपयांत जातो. तेवढी रक्कम थेट वसतिगृहाला दिली असती तर मुलांचा एक हंगाम निर्वेध पार पडला असता. याला माझ्याकडे उदात्त उत्तर नव्हते आणि आजही नाही. शर्यत धावण्याची इच्छा माझी स्वतःची होती, ती कित्येक वर्षांची होती, आणि वसतिगृह नसते तरी मी कधी ना कधी गेलेच असते. ही गोष्ट मी प्रत्येक देणगीदाराला आधीच सांगितली आणि त्यातूनच दोन नियम ठरवले. पहिला नियम असा की शर्यतीचा पैन् पै खर्च माझ्या बचतीतून होईल आणि देणगीतील एक रुपयाही माझ्या बुटाला, तिकिटाला किंवा शुल्काला लागणार नाही. दुसरा नियम असा की सर्व देणग्या माझे विमान सुटण्यापूर्वी न्यासाच्या खात्यात जमा झालेल्या असतील आणि मी शर्यत पूर्ण केली की नाही, याच्याशी त्यांचा काहीही संबंध राहणार नाही.

दुसऱ्या नियमावर बराच वाद झाला. किलोमीटरमागे चार रुपये म्हणजे पूर्ण अंतराचे हजार रुपये, असे सोपे कोष्टक मी लोकांसमोर ठेवले होते. ते ऐकून आमच्या ओळखीचे एक दूध संघातील गृहस्थ म्हणाले, “ताई, जेवढं धावाल तेवढ्याचेच देईन. माल पोचल्याशिवाय बिल निघत नाही.” व्यवहार म्हणून ते चूक नव्हते आणि पुष्कळ ठिकाणी देणग्या अशाच गोळा केल्या जातात. परंतु माझ्या पायाच्या अंगठ्याला फोड आला म्हणून आठवीतल्या मुलीच्या रात्रीच्या जेवणात खंड पडावा, ही कल्पना मला कोणत्याही अंगाने मान्य होत नव्हती. मी त्यांना तसे सांगितले, तेव्हा ते काही बोलले नाहीत. पंधरवड्याने त्यांचा धनादेश न्यासाकडे पोचला आणि त्यावरची रक्कम अडीचशे किलोमीटरच्या हिशेबाने भरलेली होती.

पैसे उभे करण्याचे काम धावण्याच्या तयारीपेक्षा अधिक वेळ खाते, असे माझे मत झाले आहे, आणि त्यात माझ्या व्यवसायाचाच मला सर्वांत जास्त उपयोग झाला. आयकर कायद्याच्या (तेव्हाच्या) कलम ८०-जीची नोंदणी असलेल्या न्यासालाच दिलेल्या देणगीवर करसवलत मिळते. एखाद्याच्या वैयक्तिक खात्यात जमा केलेल्या पैशावर ती मिळत नाही, आणि २,००० रुपयांहून अधिक रक्कम रोखीने दिली तर नोंदणीकृत न्यासाच्या बाबतीतही मिळत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या पुतण्याला पैसे पाठवायचे होते. परंतु त्याने तिकडचे नागरिकत्व घेतलेले असल्यामुळे त्याची देणगी कायद्याने परदेशी ठरते आणि ती स्वीकारण्यासाठी लागणारी वेगळी परवानगी या छोट्या न्यासाकडे नाही. त्याच्याच शेजारी राहणाऱ्या, अजून भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या मित्राला मात्र स्वतःच्या बचतीतून देणगी देता आली. पुतण्या अजूनही यावरून मला चिडवतो. लोक शर्यतीचे फोटो पाहून भारावतात, परंतु खिशात हात घालण्यापूर्वी पावती कोणाच्या नावाची मिळणार, हेच विचारतात. मला ते योग्य वाटते. धावण्यामुळे फार तर लोकांपुढे हात पसरण्याचे निमित्त मिळते, आणि त्यापुढचे काम पावतीपुस्तक करते.

तयारीच्या दृष्टीने सातारा ही एक विचित्र जागा आहे. येथे चढ हवा तेवढा मिळतो. यवतेश्वरचा घाट घरापासून जवळ आहे, त्याच घाटात २०१२ पासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन भरते आणि तिने शहरातील सामान्य गृहिणींपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत कितीतरी लोकांना धावायला लावले आहे. मीही त्यांच्यातलीच एक. पण पावसात आणि धुक्यात कासच्या दिशेने धावलेल्या पायांचा सहारात उपयोग काय? त्यासाठी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जावे लागते. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातील माणमध्ये ५०० मिलिमीटरचीही शाश्वती नसते. मार्चमध्ये मी हिशेबाच्या कामासाठी वसतिगृहात जात असे, तेव्हा दुपारी ऐन उन्हात माणगंगेच्या कोरड्या पात्रातून पाठीवर ओझे घेऊन चालण्याचा सराव करत असे. उन्हाची सवय ही केवळ मनाची गोष्ट नसून शरीरात प्रत्यक्ष घडणारा बदल आहे. साधारण दहा ते चौदा दिवस रोज उष्णतेत व्यायाम केल्यास रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्या घामातून मीठ कमी जाते. नुसते पाणी पीत राहून मीठ न घेतल्यास रक्तातील सोडियम घटते आणि ते जिवावर बेतू शकते, त्यामुळे मिठाच्या गोळ्या ही तिथे चैन नसते.

नदीपात्रातील माझ्या या चालण्याचा गावात बराच गवगवा झाला. गुरे घेऊन आलेले एक आजोबा थांबून म्हणाले, “शिंगणापूरची कावड धरलीय काय?” चैत्रात शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवासाठी सासवडकडून येणाऱ्या कावडी मुंगी घाटाच्या उभ्या चढावरून हातोहात वर नेल्या जातात, ते मी पाहिले आहे. भर उन्हात पाण्याचे ते ओझे वर चढवणाऱ्या माणसांपैकी कोणाच्याही पायात माझ्यासारखे महागडे बूट नव्हते. वसतिगृहातील मुलींना मात्र माझे धावणे मुळीच नवलाचे वाटले नाही. माणमधल्याच मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावल्या आणि तिच्यात दहाव्या आल्या. त्या तालुक्यातील मुलींसमोर माझ्या वेगाविषयी बोलण्याची सोय नव्हती. “तुम्ही लई हळू पळता,” असे एकीने सांगितले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

शर्यतीच्या नियमानुसार पाणी वगळता पाठीवरील पिशवीचे वजन किमान साडेसहा आणि कमाल पंधरा किलो असावे लागते. दिवसाला किमान २,००० कॅलरी, म्हणजे सात दिवसांच्या एकूण १४,००० कॅलरी, पिशवीत आहेत हे दाखवावे लागते. होकायंत्र, शिट्टी, चाकू, आरसा, डोक्यावरचा दिवा, तातडीच्या प्रसंगी अंगावर घ्यायची चंदेरी चादर, सर्पविष ओढून घेणारा छोटा पंप आणि दहा सेफ्टीपिना अशी सक्तीच्या साहित्याची यादी अनेक वर्षे चालत आली आहे. घरात स्वयंपाकघराच्या ओट्यावर डिजिटल काटा ठेवून मी एकेक पुडी मोजत होते आणि सासूबाई समोर बसून शेंगा सोलत होत्या. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे सुमारे ५७० कॅलरी असतात, गुळात सुमारे ३८० आणि बेदाण्यात सुमारे ३००. नुसत्या शेंगदाण्यावर राहता आले असते तर अडीच किलोत सगळी शर्यत भागली असती. सांगलीचे भडंग न्यावे, असा माझ्या सांगलीकर दिरांचा आग्रह होता. ते वजनाला हलके असले तरी जागा इतकी व्यापते की एका दिवसाच्या भडंगात निम्मी पिशवी भरली असती. शेवटी गूळ-शेंगदाण्याचे घट्ट वळलेले लाडू, कोरडी शेंगदाण्याची चटणी, थोडे मेतकूट आणि गरम पाणी घालून होणारे वाळवलेले तयार भात, असा शिधा ठरला. सासूबाईंनी लाडूत वेलची घातली होती आणि तिचे वजन धरले का, असे त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारले.

बुटांचे काम मोती चौकाजवळ बसणाऱ्या एका कारागीर काकांनी केले. वाळू आत जाऊ नये म्हणून बुटावर पातळ कापडाचे गेटर चढवतात, आणि ते धरून ठेवणारी वेल्क्रोची पट्टी नुसती चिकटवून चालत नाही, कारण उष्णतेने गोंद सुटतो. ती तळव्याच्या कडेने सलग शिवावी लागते. काकांनी बूट उलटा करून तळव्याची जाडी नखाने दाबून पाहिली, आरी मेणातून फिरवली आणि टाका आतल्या बाजूस कुठे उतरेल ते खडूने आखून घेतले. टाका आत बोटांना लागला तर फोड तिथेच येणार, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. “वाळू आत जाणार नाही, पण घाम बाहेर कसा जाणार?” असे त्यांनी विचारले. तो प्रश्न पुढे मला पुष्कळदा आठवला, कारण ओल्या कातडीवर घर्षण झाले की फोड लवकर येतो. मजुरी त्यांनी पूर्ण घेतली आणि ती घेतल्यावर वसतिगृहासाठी शंभर रुपये वेगळे दिले. पावती त्यांनी नातवाच्या नावाने मागितली.

हृदयाच्या आलेखासह वैद्यकीय प्रमाणपत्र सादर केल्याशिवाय शर्यतीत प्रवेश मिळत नाही. तो आलेख निर्मळ निघाला, पण घरच्यांचे समाधान त्याने झाले नाही, कारण त्याच सुमारास मुलाने माउरो प्रोस्पेरी या इटालियन धावपटूची कथा शोधून काढली होती. १९९४ च्या शर्यतीत वाळूच्या वादळात तो वाट चुकला, एका ओसाड दर्ग्यात आसरा घेऊन वटवाघळे खाऊन जगला आणि नऊ-दहा दिवसांनी थेट अल्जीरियात सापडला. त्यानंतर व्यवस्था पुष्कळ बदलली आहे, हे मी समजावून सांगितले. तरीही धोका उरतोच. करोनामुळे २०२१ ची शर्यत ऑक्टोबरमध्ये घ्यावी लागली, तेव्हा कडक उष्मा आणि पोटाचे विकार यांमुळे जवळपास निम्म्या लोकांना ती सोडावी लागली आणि एका फ्रेंच धावपटूचा मृत्यू झाला. हेही मी घरी लपवले नाही.

प्रत्यक्ष शर्यतीतील पहिल्या काही टप्प्यांविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. वाळवंट म्हणजे सर्वत्र वाळू, ही आपली समजूत तिथे पहिल्या दिवशीच संपते. बराचसा मार्ग काळ्या, धारदार दगडांच्या सपाट मैदानांतून, कोरड्या नदीपात्रांतून आणि उघड्या डोंगरांवरून जातो. ती नदीपात्रे मला माणगंगेइतकी ओळखीची वाटली की क्षणभर कुठूनतरी गुरांच्या घंटा ऐकू येतील, असे वाटले. वाळूच्या टेकड्या लागतात तेव्हा मात्र प्रत्येक पाऊल निम्मे मागे घसरते आणि पुढच्या माणसाच्या घट्ट झालेल्या ठशात पाय टाकत जाणे एवढीच युक्ती उरते. माझ्यासारख्या मागच्या फळीतील लोकांचे हे धावणे बहुतेक चालणेच असते. सगळ्या धावपटूंच्या मागून दोन उंट चालत येतात आणि ते दिसू लागले की वेळेची मर्यादा जवळ आली, असे समजायचे. माझ्या मागे ते फार लांब कधीच नव्हते.

संध्याकाळी काळ्या तंबूत आठ जण अंग पसरतो आणि सगळ्यांचे बोलणे पायांवर येते. वैद्यकीय तंबूत फोड फोडून त्यावर लाल औषध ओततात, तेव्हा मोठमोठे धिप्पाड पुरुष ओरडतात, हे मी स्वतः पाहिले. आमच्या तंबूत एक ब्रिटिश बाई होत्या, त्या एका रुग्णालयासाठी निधी गोळा करत होत्या. त्यांच्याकडे ही रीतच आहे. कोणी लांबची शर्यत धावणार असेल तर ‘कशासाठी’ हा प्रश्न ओघानेच येतो आणि ऑनलाइन पानावर देणगीचा आकडा वाढताना सगळ्यांना दिसतो. मी त्यांना कोयता आणि उचल म्हणजे काय ते सांगितले. साखर तयार होण्यासाठी माणसे घर सोडून महिनोन्‌महिने फडावर राहतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी विचारलेला एक प्रश्न मात्र साताऱ्यात कोणीच विचारला नव्हता. आईवडील परत आल्यावर मुले त्यांना पटकन ओळख देतात का, असे त्यांनी विचारले. धाकटी मुले काही दिवस लांबलांब राहतात, असे वसतिगृहाच्या स्वयंपाकीण मावशींनी मला एकदा सांगितले होते, तेच मी त्यांना सांगितले.

धावपटूंना घरून आलेले संदेश कागदावर छापून तंबूत आणून देण्याची या शर्यतीत जुनी पद्धत आहे. मोठ्या टप्प्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्या हातात असा कागद पडला. मुलाचा एक, दिरांचा एक, आणि वसतिगृहाच्या शिक्षकांनी मुलांच्या वतीने पाठवलेला एक. पहिल्या दोघांनी धीर दिला होता. तिसऱ्यात असे होते की, नवीन पाण्याची टाकी बसली, पण तिचे झाकण वेगळ्या मापाचे आले आहे, दुकानदार बदलून देत नाही, तरी बिल तुमच्या कपाटात आहे काय? मी तो कागद दोनदा वाचला आणि मग मनापासून हसले. सहाराच्या मध्यभागी बसून मला एका टाकीच्या झाकणाचे बिल कोणत्या फाइलमध्ये ठेवले आहे, ते आठवावे लागत होते.

तो ऐंशी किलोमीटरहून मोठा टप्पा मी दिवस, रात्र आणि पुढची सकाळ मिळून संपवला. दुपारच्या उन्हात चौकीच्या सावलीत जेवढे बसता येईल तेवढे बसायचे, सूर्य उतरला की चालायचे, असे ठरवले होते आणि ते बरेचसे पाळता आले. रात्री प्रत्येकाच्या पाठीला प्रकाशकांडी लावलेली असते, त्यामुळे पुढे मंद ठिपक्यांची एक लांबच लांब ओळ दिसते आणि ती जिथे वर चढते तिथे डोंगर आहे, एवढे कळते. मध्यरात्रीनंतर पोटात काहीच राहीना. लाडू नकोसे झाले, भात नकोसा झाला आणि शेवटी बोटाने चाटलेली शेंगदाण्याची चटणी तेवढी आत टिकली. तिच्यातील मीठ, लसूण आणि तिखट यांनी मला पहाटेपर्यंत नेले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. डाव्या पायाच्या दोन नखांचा निरोप त्याच रात्री घेतला. उरलेले टप्पे त्यामानाने सोपे गेले, कारण तोवर पाठीवरचा शिधा खाऊन बराच कमी झाला होता.

मी परतले तेव्हा गाळप संपून टोळ्या गावी आल्या होत्या आणि वसतिगृहाला कुलूप होते. न्यासाच्या सभेत मी जमाखर्च मांडला. किराणा दुकानदाराची जुनी उधारी पूर्ण फिटली होती, पुढच्या हंगामाच्या धान्यासाठीची रक्कम मुदत ठेवीत बाजूला काढली होती आणि तरीही काही शिल्लक उरत होती. त्या शिलकीतून सौर पाणीतापक घ्यावा, असे शिक्षकांचे म्हणणे होते आणि स्वयंपाकीण मावशींचा पगार वाढवावा, असे माझे. मावशी सभेला हजर होत्या. त्यांनी दोन्ही ऐकून घेतले आणि आधी भिंतीची ओल काढा, मुलांच्या गाद्या खराब होतात, असे सांगितले. ठराव ओलीच्या बाजूने झाला, पगाराचा विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर माझ्या नावाने नोंदवला गेला आणि टाकीचे झाकण मात्र अखेर दुसऱ्या दुकानातून विकतच आणावे लागले.